सध्या चालवून घ्या

माझी जुन्या मिलिंग मशिनबद्दल काही तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी रोज रात्री पार्किंगमध्ये जाऊन त्याच्याशी भांडतो असा घरात समज आहे. सव्वा टन बिडाशी कोण भांडेल? बीड आपल्या जागी शांत उभं असतं. माझी तक्रार आहे ती माझ्याआधी त्याला हात लावून गेलेल्या माणसांबद्दल. ते किती होते, त्यांची नावं काय, कुठल्या गावचे, काही ठाऊक नाही. पण चार वर्षांत त्यांचे स्वभाव मला इतके पाठ झालेत, की उद्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तर पाटाखाली घडी घालून ठेवलेल्या कागदावरून मी त्यांना ओळखेन.

मशिन भोसरीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून किलोवर घेतलं. मालक सज्जन होते. म्हणाले, "साहेब, सध्या चालू आहे. एक-दोन बारीक कामं आहेत, तेवढी करून घ्या." मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. 'बारीक काम' या शब्दाचा अर्थ मला तिथेच कळायला हवा होता. पण हायड्रा बोलावून झाली होती आणि तिचं मीटर तासावर चालू होतं.

मशिन कोणत्या कंपनीचं, हे सांगता येत नाही. पाटीच्या जागी रिव्हेटची चार भोकं आहेत, आणि त्यातल्या एका भोकात आटे पाडून कोणीतरी डबा अडकवायला हूक बसवलाय. येणारा प्रत्येक जाणकार कॉलमवर बोटाने टकटक करतो आणि निदान सांगतो. एक म्हणाले, हे पिंजोरचं. एचएमटीने तिथे 1963 साली मिलिंग मशिनांचा कारखाना काढला, त्या सुरुवातीच्या मालातलं असणार. दुसऱ्यांनी कास्टिंगवरून हात फिरवून चेकोस्लोव्हाकियाचं म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी ही बटाल्याची कॉपी आहे असा निकाल दिला आणि चहा घेतला. तिघांचंही एका गोष्टीवर एकमत झालं: "आधी कोणीतरी हात लावलाय."

हे मलाही रंग खरवडायला घेतला तेव्हा कळलं. हिरव्या हॅमरटोनखाली करडा, करड्याखाली पोपटी, पोपटीखाली लांबी. कॉलमला लांबी असायला माझी हरकत नाही, कारखान्यातही भरतात. पण टेबलावर ड्रिल उतरल्याचे अकरा खड्डे निघाले. एखाद-दुसरा खड्डा कुठल्याही टेबलावर असतो. पोरगा नवा असतो, जेवणाची सुट्टी जवळ आलेली असते, होतं. यातले सात खड्डे मात्र कोणीतरी लांबीने भरून, पॉलिशपेपर मारून, वर करडा रंग दिला होता. टेबलाला. ज्यावर व्हाइस बांधून शतांशाचं माप काढायचं, त्या टेबलाला. उरलेले चार का सोडले, हे मी बरेच दिवस शोधत होतो. लांबी संपली असावी, याच निष्कर्षाला आलो.

मग सूत. ज्यांचा या खात्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडे 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. तो हार्डवेअरच्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि गर्दी बघून तिथेच थांबला. आत अजून तीन सूत, चार सूत, पाच सूत चालतं. मला ड्रॉबारसाठी नट हवा होता. ड्रॉबार म्हणजे स्पिंडलमधून आरपार जाऊन कटरचा होल्डर वर ओढून धरणारा दांडा. रविवार पेठेतल्या दुकानदाराने पाच सुताचा नट मागितल्यावर सोळा एमएमचा काढून दिला. मी म्हटलं, हा सोळाचा आहे. तो म्हणाला, "काका, पाच सूत काय नि सोळा काय, एकच."

पाच सूत म्हणजे 15.875 मिमी. सोळा म्हणजे सोळा. फरक 0.125 मिमीचा. तो दुकानदाराने सोडून दिला, मीही दिला असता, पण आटे सोडून देत नाहीत. पाच सुताला इंचात अकरा आटे, म्हणजे एकापासून दुसरा 2.309 मिमीवर. सोळाला तेच अंतर 2 मिमी. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात मुळीच गेला नसता तर माणूस निमूट परत फिरला असता. तसं होत नाही. तो दीड आटा अगदी गोडीने जातो आणि मग अडतो. अडल्यावर आपल्याकडे पान्याच्या शेपटीत पाइप घालायची पद्धत आहे.

माझ्याआधीच्या एका गृहस्थांनी पाइप घातला होता. त्यांचा ड्रॉबार पाच सुताचा, आणि बाजारातून आणलेला होल्डर सोळाचा. होल्डरचे आटे गेले, दांड्याचेही गेले. मग त्यांनी दांड्याचं टोक कापून तिथे सोळाचा तुकडा वेल्डिंगने जोडला. वेल्डिंग उत्तम आहे, माझ्या हयातीत तुटायचं नाही. फक्त सरळ नाही. स्पिंडल चालू केला की ड्रॉबारचं वरचं षटकोनी डोकं 'नको, नको' म्हणत मान हलवत राहतं. नवा दांडा लेथवाल्याला सांगितलाय. गणपतीच्या आधी देतो म्हणाला. कोणत्या, हे विचारायचं राहिलं.

तेलाचं प्रकरण मी थोडक्यात सांगणार होतो, पण ते थोडक्यात नाही. मशिनच्या डाव्या अंगाला तेलाचा हातपंप आहे. सकाळी दांडी एकदा ओढायची, की 68 नंबरचं वे-ऑइल तांब्याच्या बारीक नळ्यांतून सगळ्या स्लाइडवेंवर जातं. छान सोय आहे. जिथे नळी पोचत नाही तिथे निपल दिलेलं आहे, त्यातूनही तेलच घालायचं. पण निपल दिसलं की ग्रीसगन लावायची, हा संस्कार आपल्यावर कुठे होतो कोण जाणे, फार खोल होतो. कोणीतरी ग्रीस मारलं. ते मागे सरकून नळ्यांत गेलं. तिथे ते उन्हाळे-पावसाळे बघत वाळलं, आणि मी नळ्या सोडवल्या तेव्हा प्रत्येकीत एकेक पिवळी मेणबत्ती तयार होती. पंपाचं तेल या सगळ्या काळात एका सैल सांध्यातून थेट फरशीवर जात होतं. त्यामुळे फरशीवर गंजाचा एक ठिपका नाही. स्लाइडवेबद्दल तसं म्हणता येत नाही.

सायकलच्या ब्रेकची तार आणि डिझेल घेऊन मी अकरा संध्याकाळी त्या नळ्या मोकळ्या केल्या. निघालेलं ग्रीस एका बरणीत भरून ठेवलंय. उपयोग काही नाही, पुरावा म्हणून. सौभाग्यवतींनी ती बरणी फळीवर पाहिली आणि इतकंच म्हणाल्या, "अहो, ही छुंद्याची होती."

मोटरचं खरंच थोडक्यात. घरी सिंगल फेज, मोटर थ्री फेज. व्हीएफडी लावला की घरच्या 230 व्होल्टवर थ्री फेज मिळते, पण तीही 230चीच. मोटर 415ला स्टारमध्ये बांधलेली. ती डेल्टात जोडली की 240ला चालते, म्हणजे आपलं काम होतं. त्यासाठी वाइंडिंगच्या सहा वायरी बाहेर लागतात. माझ्या मोटरमधून तीनच निघालेल्या होत्या. उरलेल्या तिघींना आतच एकत्र पिळून, दोऱ्याने बांधून, वार्निशमध्ये बुडवून कायमचं झोपवलेलं. वाइंडिंगवाल्याने मोटर उघडून आत टॉर्च मारला. "आधीच्याने तीनच काढल्यात. सहा काढायच्या तर त्याला वायर लागली असती."

"किती?"

"फूटभर."

या सगळ्याच्या दरम्यान घरातून एक, फक्त एक, काम आलं होतं. पितळी सोऱ्याच्या स्क्रूचं टोक, जिथे मूठ बसते, ते झिजून गोल झालं होतं. त्याला आठ मिलिमीटरचा चौकोन करायचा. मिलिंग मशिनने करायचं म्हणून शाळेत जे पहिलं काम शिकवतील, ते हे. दिवाळी तीन दिवसांवर आली. ड्रॉबार मान हलवत होता, मोटर वाइंडिंगवाल्याकडे होती, टेबल उघडं पडलेलं होतं. शेवटी मी कट्ट्यावर बसून वीस मिनिटांत चौकोन कानशीने घासून दिला आणि बजावलं, की हे तात्पुरतं आहे, मशिन लागलं की नीट करून देईन. त्याला दोन दिवाळ्या झाल्या. चकल्या होतात. विषय माझ्याकडून अनेकदा निघाला, त्यांच्याकडून एकदाही नाही.

आता मोटर आली आहे, टेबल चालतं. हँडलचा एक फेरा म्हणजे 5 मिमी, पण दिशा बदलली की त्यातला पाव फेरा टेबलाला कळतच नाही. यात कोणाचा दोष नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. स्क्रू मधोमध झिजतो, कारण जो तो जॉब टेबलाच्या मध्यावरच बांधतो; टोकांना कोणी फिरकत नाही. म्हणून नट मध्याच्या मापाने आवळला तर टेबल टोकाला जाऊन रुतून बसतं, आणि टोकाच्या मापाने सोडला तर मध्ये खडखडतं. नवा स्क्रू-नट करणं हा उपाय आहे. दुसरा उपाय सवय. मापावर नेहमी एकाच बाजूने यायचं. पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा यायचं. मला ते जमतं. नोकरीत असंच होतं.

पण टेबल आडवंही डुलत होतं, आणि त्याला सवयीचा उपाय नाही. दोष गिबकडे होता. गिब म्हणजे डव्हटेलमधली फट भरणारी बिडाची निमुळती पट्टी. माझ्या मशिनला तिचा उतार 50ला 1. झीज झाली की टोकाचा स्क्रू पिळून पट्टी पाचरीसारखी जरा आत ढकलायची. वर्षानुवर्षं ढकलत गेलं की एक दिवस स्क्रूचे आटे संपतात, पट्टी मात्र अजून सैलच असते. मी ती बाहेर ओढली. मागच्या अंगाला दाढीची चार ब्लेडं होती. अर्धी मोडलेली, एका ओळीत, पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेली.

एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला यावर काय वाटलं असेल, ते लिहीत नाही. चिमट्याने एकेक ब्लेड सोडवलं, कागदावर मांडलं आणि घरात नेऊन दाखवलं. "एका रेषेत लावलीत की," सौभाग्यवती म्हणाल्या.

मी ठरवलं, हे तरी शास्त्राप्रमाणे करायचं. सरफेस प्लेटला ब्लू लावायचा, पट्टी घासायची, निळे ठिपके उमटतील तिथे स्क्रेपरने खरवडायचं, पुसायचं, पुन्हा ब्लू. इंचाच्या चौकोनात दहा-बारा ठिपके सारखे दिसेपर्यंत. समोरच्या अंगाचे आठ दिवस, पाठीचे सहा. बोटांच्या पेरांत शिरलेला ब्लू त्या महिन्यातल्या एका बारशाच्या फोटोत स्पष्ट दिसतो. पट्टी मात्र अशी झाली, की मी ती रात्री फडक्यात गुंडाळून घरात आणून ठेवत असे.

बसवायला रविवार निवडला. पट्टी आत सरकवली. ती फारच सहज सरकली. खरवडण्यात दोन्ही अंगं मिळून 0.08 मिमी गेले होते, आणि मी काढून टाकलेलं ब्लेड 0.1 मिमीचं. बेरीज 0.18. उताराने, म्हणजे 50ने, गुणा: 9 मिमी. पट्टीचं डोकं आधीपेक्षा 9 मिमी खोल गेलं आणि स्क्रू तिथवर पोचेना. काम जितकं शास्त्रशुद्ध केलं, तितकी फट वाढली होती. 0.2ची पितळी शिमपट्टी मागे चिकटवली असती तर प्रश्न मिटला असता. रविवारी बाजार बंद.

रविवारी एकच दुकान उघडं असतं, सलून. त्यांची सुट्टी सोमवारी. मी रांगेतल्या पाच जणांची माफी मागून आत डोकावलो आणि थोडी ब्लेडं मागितली. त्याने काय करायचंय असं विचारलं नाही. समोरच्या वाटीतून मूठभर काढून दिली. सलूनवाला ब्लेड मधोमध मोडूनच वस्तऱ्यात घालतो, त्यामुळे त्याच्याकडे अर्धी असतात. ती हातात घेऊन मी फुटपाथवर थोडा वेळ उभा राहिलो. आधीचा माणूसही रविवारीच अडकला होता तर.

आठ तुकडे लागले, दोन थरांत. सोल्युशन घरात होतंच. टेबल आता डुलत नाही. डायल लावून बघितलं, काटा हलत नाही, निदान मला दिसेल इतका हलत नाही. पितळी पट्टी मी आणणार आहे.

ब्लेडं चिकटवण्याआधी पट्टीच्या पाठीवर टोच्याने तारीख टाकली आणि खाली 'तात्पुरतं' असं लिहिलं, म्हणजे पुढे जो कोणी उघडेल त्याचा माझ्याबद्दल गैरसमज व्हायला नको. आधीच्या माणसानेही तिथे काही लिहून ठेवलं होतं का, हे आता सांगता येणार नाही. ती पाठ मी सहा दिवस खरवडली होती.