तान्ह्याचा पासपोर्ट

नागपट्टणमहून श्रीलंकेच्या कांकेसंतुरैला ऑक्टोबर २०२३मध्ये प्रवासी बोट सुरू झाली. बोट म्हणजे घारापुरीची लाँच, एवढीच ओळख असलेले बदलापूरकर पालकही आता बेत आखू शकतात. पाच वर्षांखालचं पोर लोकलमध्ये फुकट, मग समुद्राने का अडवावं? अडवतो. तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो आणि तो पाच वर्षांत संपतो. बारशाला काढलेला पासपोर्ट पोर शाळेत रुळेपर्यंत बाद! त्यातला फोटो आजीला ओळखू येत नाही, तिथे इमिग्रेशनवाल्याची काय कथा?

तशी बोट आमच्याकडेही आली होती. जुलै २०१९मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा पोराबाळांना बोटीत बसवताना पासपोर्ट कुणी मागितला नाही. हद्द मध्य रेल्वेचीच होती म्हणा.