पोच आणि परतपाठवणी : एका संगणकदात्यास खुले पत्र

माननीय दानशूर महोदय,

आपल्या कंपनीने कार्यालयातले जुने संगणक धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांना द्यायचे ठरवले आहे, हे कळले आणि ऊर भरून आला. नीती आयोगाने २०१८ साली आमच्या जिल्ह्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत बसवले, तेव्हापासून आकांक्षांचा पुरवठा कधी कमी पडलेला नाही. त्यात आता आपला टेम्पो. एव्हाना फलक छापून झाला असेल, हारतुऱ्यांचा खर्च शाळेवर सोपवला असेल, फोटोत मुले पुढे बसवायची की बाजूला, यावरही विचारविनिमय झाला असेल. राहता राहिली एक किरकोळ चौकशी. त्यातले सुरू किती होतात?

आपली घाई मी समजू शकतो. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप आणि लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. चौथ्या वर्षी संगणक आपल्या ताळेबंदात नावापुरता उरतो आणि पुढे नुसता जागा अडवतो. तो कचऱ्यात काढावा, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा व्यवस्थापन नियम आडवे येतात. मोठ्या ग्राहकाने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांच्याच हवाली करावा, असे ते सांगतात. या तिघांत जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा कुठे बसत नाही. पण ही झाली कचऱ्याची गोष्ट. त्याच वस्तूला लाल फीत बांधली की ती शैक्षणिक साहित्य ठरते, आणि विल्हेवाटीची जबाबदारी हारासह मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडते. आवळा देऊन कोहळा काढावा तर असा!

आता शाळेत काय होते ते पाहू. टेम्पोतून उतरलेला प्रत्येक नग जडसंग्रह नोंदवहीत चढतो. चढणे सोपे, उतरणे महाकठीण. बंद पडलेला संगणक मुख्याध्यापकांना भंगारवाल्याला देता येत नाही आणि फेकताही येत नाही. त्याचे निर्लेखन व्हावे लागते, म्हणजे प्रस्ताव, पाहणी, मंजुरी आणि पुन्हा प्रस्ताव. तोवर एक वर्गखोली किंवा पोषण आहाराच्या धान्याशेजारचा कोपरा अडून राहतो. हे संगणक बंद का असतात, याची कारणेही मोठी गूढ नाहीत. आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हार्ड डिस्क काढून घेतलेली असते. हे योग्यच, पण तिच्या जागी दुसरी बसवायला कुणी सांगितलेले नसते. मॉनिटरला जुनी व्हीजीए केबल आणि कॅबिनेटला नुसते डिस्प्लेपोर्ट असते. दोघांना जोडणारा कन्व्हर्टर आपल्याच कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये राहतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतात. नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो, त्यामुळे वीज गेली की संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग तारीख जुळत नाही म्हणून सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष गावातल्या नेटवर्कला दिला जातो. यातला जवळपास प्रत्येक दोष अर्ध्या दिवसात सुटणारा आहे. अट एकच, तो टेम्पो भरण्याआधी कुणी तरी पाहायला हवा.

पुढचा खर्चही कुणाच्या तरी खिशातून जातो. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते आणि त्यातले दहा टक्के स्वच्छतेसाठी ठेवावे लागतात. उरलेल्या पैशांत वीज, इंटरनेट, पाणी, खडू, किरकोळ दुरुस्ती असे सारे बसवायचे. चार जुने डेस्कटॉप मॉनिटरसह प्रत्येकी शंभर वॅट ओढतात असे धरले, तर दिवसाला चार तास आणि वर्षाला दोनशे दिवस याप्रमाणे ३२० युनिट होतात. आकडा आपल्या कंपनीच्या हिशेबात दिसणारही नाही. बिल थकले म्हणून शाळेची जोडणी तोडल्याच्या बातम्या मात्र महाराष्ट्रात अधूनमधून येतच असतात.

आपण म्हणाल, धर्माची गाय आणि दात का नाय! फुकटच्या वस्तूची एवढी झडती कशाला, काहीच नसण्यापेक्षा काही तरी बरे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या, म्हणजे यूडायस प्लसच्या, २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांमध्येच चालू स्थितीतले संगणक होते. गरज खरी आहे. पण त्या आकड्याआधीचे शब्द वाचावेत : चालू स्थितीतले. बंद संगणक शून्यावर थांबत नाही, तो शाळेला उण्यात नेतो. खोली अडते, नोंदवही फुगते आणि या शाळेला संगणक मिळालेत असे समजून पुढचा दाता दुसऱ्या गावाला जातो. हा अनुभव आम्हांला नवा नाही. केंद्राच्या आयसीटी योजनेत ठेकेदाराने पाच वर्षे प्रयोगशाळा चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची, अशी पद्धत होती. म्हणजे शाळा मालक झाली ती नेमकी यंत्रांच्या उतारवयात, देखभालीचा करार आणि संगणक शिक्षक दोन्ही निघून गेल्यावर. राहिला कृतघ्नपणाचा आरोप. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागाने देशभरातून आलेली मदत घेतलेली आहे. ती घेण्यात कमीपणा असतो असे इथे कुणी मानत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच तरुण सहकाऱ्यांचा असेल : मग जुने सोडा, नवे टॅबच देऊ. कृपा करून हेही नको. माझे भांडण जुन्या संगणकाशी नाही, त्याच्याकडे न पाहता तो पाठवण्याशी आहे. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. त्यात भर कशाला? शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्याने, विंडोज ११ च्या यादीत प्रोसेसर बसत नाही एवढ्याच कारणासाठी धडधाकट यंत्रे मोडीत निघत आहेत. अशा यंत्रात एसएसडी घाला, रॅम आठ जीबी करा, पंख्यावरची धूळ काढा आणि लिनक्स बसवा. पाचवी ते आठवीच्या मुलांना मराठी टंकलेखन, तक्ते, स्क्रॅच आणि जिओजेब्रा यांसाठी ते आणखी काही वर्षे पुरेल. हे स्वप्नरंजन नाही. गोव्यात शतकाच्या सुरुवातीला परदेशस्थ गोंयकारांच्या मदतीने गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने वापरलेले संगणक शाळांत नेले, लिनक्सही वापरले. केरळात २००१ पासूनच्या आयटी@स्कूल प्रकल्पाने आणि त्यातून उभ्या राहिलेल्या काइट या संस्थेने शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर आणले. तिथली खरी करामत मला दुसरीच वाटते : तक्रार ठरल्या दिवसांत सुटली नाही तर पुरवठादाराला रोजचा दंड. यंत्र कितीही नवे असो, त्याला वाली लागतो.

तिसरे म्हणणे असे की दुरुस्ती हे काही कंपनीचे काम नाही. मान्य. म्हणून ते आमच्याकडे करू द्या. शासकीय आयटीआय आणि तंत्रनिकेतन धाराशिवला आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये धाराशिवला आणि तुळजापूरला आहेत. तिथल्या मुलांना हातात स्क्रूड्रायव्हर हवा आहे आणि तुमच्याकडे उघडायला यंत्रे आहेत. टेम्पो परांड्याच्या किंवा वाशीच्या शाळेच्या दारात नेऊ नका, आधी इथे उतरवा. दहातले सहा जुळतील, उरलेले चार सुट्या भागांसाठी ठेवता येतील; मात्र सहाच शाळेत जातील आणि फोटोत सहाच दिसतील, एवढे मनाला लावून घेऊ नका. प्रत्येक चालू यंत्रामागे तीन वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम आणि दूरध्वनी उचलणाऱ्या एका माणसाचे नाव द्या. तीन वर्षांनी जे उरेल ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे आपणच न्याल, असे आजच लेखी द्या, म्हणजे निर्लेखनाच्या प्रस्तावाला जोडायला एक तरी कागद मिळेल.

या अटी जाचक वाटल्या तर टेम्पो जरूर पाठवावा, मात्र दोन्ही बाजूंचे भाडे ठरवून. आधीच्या दात्यांचे मॉनिटर अजून इथेच आहेत. परतीच्या फेरीत गाडी रिकामी जाणार नाही.

आपला नम्र,
धाराशिव जिल्ह्यातील शाळांच्या अडगळीच्या खोल्यांचा एक हितचिंतक