झिरो ग्रॅव्हिटी, झिरो एफआयआर

भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं, असं सरकारने जाहीर केलंय. तिथल्या हवापाण्याची सोय शास्त्रज्ञ बघतील. पण तिथे मुडदा पडला तर हद्द कोणाची? हा प्रश्न बंगळुरूत सुचायचा नाही, त्याला मावळच हवं. आमच्या एका तालुक्यात तळेगाव २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, वडगाव-कामशेत पुणे ग्रामीणकडे, लोणावळ्यात शहर ठाणं वेगळं नि ग्रामीण ठाणं वेगळं. आणि रुळांवर काही झालं तर लोहमार्ग पोलीस. इथे माणसाने मरतानाही जागा बघून मरावं.

तर समजा, २०३६ चा श्रावण आहे. स्थानकात पाच जण, पैकी चार जिवंत. कमांडरसाहेबांचा मुडदा 'पडलेला' नाही. तो तरंगत या कक्षातून त्या कक्षात हिंडतोय, त्यामुळे घटनास्थळ कुठलं इथूनच वाद. पुरावा एकच, हवेत फिरणारा शेंगदाणा चिक्कीचा तुकडा. कण उडून यंत्रांत शिरतात म्हणून अंतराळात साधा पाव न्यायचीही पंचाईत, मग चिक्की नेली कोणी? वाहिन्यांवर 'लोणावळा कनेक्शन'ची पट्टी फिरू लागते आणि कागद लोणावळ्यात येतात. शहर ठाणं म्हणतं, पुडा बाजारात घेतला हे खरं, पण फोडला टायगर पॉइंटला, ग्रामीणला द्या. ग्रामीण म्हणतं, फोडण्याचा गुन्हा आमच्याकडे, खाण्याचा वर झालाय.

कायदा मात्र तयार बसलाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, गुन्हा नोंदवावाच लागतो. झिरो ग्रॅव्हिटीत झिरो एफआयआर! शिवाय कलम २०८ म्हणतं, भारतीय नागरिकाने देशाबाहेर गुन्हा केला तर तो भारतात जिथे सापडेल तिथेच घडला असं धरून चालता येतं. फक्त खटल्याला केंद्राची मंजुरी हवी. म्हणजे संशयित परतून खंडाळ्याच्या बंगल्यावर हवापालटाला आला, तर अंतराळातला खून कायद्याने खंडाळ्यात झाला. ग्रामस्थांनी निषेधाचा ठराव करायला हरकत नाही.

खरी कसोटी पंचनाम्याची. 'खाली अरबी समुद्र' असं लिहून चार ओळी पुढे जावं, तर खाली बंगालचा उपसागर. तळेगाव ते खंडाळा हे अंतर स्थानक चार-पाच सेकंदांत कापणार. तेवढ्यात आयुक्तालयाची हद्द संपून ग्रामीणची सुरू होते नि तीही संपते. (रविवारी आमची गाडी घाटात असते तेवढ्या वेळात ते पृथ्वीला फेरी मारून परत येईल.) आणि परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच आणायचे कुठून? परिसरात आहेत ते चौघेही संशयित.

आरोपीचा वकील दाखला काढतो तो मात्र अस्सल आहे. ३० ऑगस्ट २०१८ ला आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडलेल्या रशियन सोयूझ यानात दोनेक मिलिमीटरचं भोक सापडलं. हवा गळत होती. जर्मनीच्या अलेक्झांडर गेर्स्ट यांनी चक्क बोट लावून ते बुजवलं, मग रशियन सहकाऱ्यांनी लेप भरला. भोक उल्केचं नव्हे, ड्रिलचं निघालं. जमिनीवर की वर, हा वाद पेटला. ११ डिसेंबरला दोन रशियन अंतराळवीर बाहेर पडले, सुरी-कात्रीने यानाचं वेष्टण फाडून भोवतालचे नमुने घेतले. पावणेआठ तासांचं काम. नऊ दिवसांनी यान परतलं. भोक असलेला भाग नेहमीप्रमाणे सुटा होऊन वातावरणात जळाला. मुद्देमाल भस्म! पुढे रशियाच्या अंतराळ संस्थेचे प्रमुख रोगोझिन म्हणाले, काय झालं ते आम्हाला कळलंय, सांगणार मात्र नाही. चौकशी समितीचा अहवाल कसा असावा, याचा याहून सुबक नमुना मंत्रालयातही मिळायचा नाही.

आमच्या खटल्यात चिक्कीचा तुकडा तपासणीला निघतो, वाटेत 'नष्ट झाला' अशी नोंद होते. तपास अधिकाऱ्याच्या दाढेत शेंगदाणा अडकल्याची नोंद होत नाही. अधिकारी वर एक दिवस राहून येतो आणि मुक्कामी भत्त्याचं बिल लावतो. स्थानकावर चोवीस तासांत सोळा सूर्योदय होतात, म्हणून सोळा रात्रींचा भत्ता. लेखापरीक्षक आक्षेप काढतो: सोळा रात्रींची लॉजची पावती जोडलेली नाही. जाण्यायेण्याचा खर्चही निम्मा नामंजूर, कारण पुणे-लोणावळा लोकल उपलब्ध होती.