किमान शिलकीचा मुहूर्त

महाड-पोलादपूरच्या फोटोग्राफराने धंद्यासाठी बँक कशी निवडावी? काउंटरवर जी फार गोड हसते ती टाळावी. लोकांना हसवून पैसे घेणे हा आपला धंदा. बचत खात्यावर बँक व्याज देते. धंद्याच्या चालू खात्यावर देत नाही. उलट किमान शिल्लक मागते आणि ती घटली की दंड कापते. म्हणजे पैसे आपले आणि भाडेही आपणच भरायचे. बऱ्याच ठिकाणी शिलकीची सरासरी तिमाहीची धरतात. जुलै ते सप्टेंबर लग्ने जवळजवळ नाहीत. सावित्री नदीला पूर, खात्यात दुष्काळ.

एकट्याच्या धंद्याला चालू खाते उघडायला सहसा धंद्याचे दोन पुरावे लागतात. त्यातली उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. एजंट त्याचेच पैसे घेतो. 6 जूनला शिवराज्याभिषेक सोहळ्यात रायगडावर घामाघूम होऊन काढलेले फोटो मात्र पुराव्यात धरत नाहीत.

ठेवविमा मोठ्या बँकेत काय, गावच्या अर्बन बँकेत काय, 5 लाखांपर्यंतच. तेवढी रक्कम साठण्याची भीती आपल्याला नाही. आपली खरी ठेव वधूपित्याकडे, ‘अल्बम बघून देतो’ या योजनेत. तिला किमान शिलकीची अट नाही, आणि मुदतही नाही.