आक्रमकाची रॅकेट

माणूस आक्रमक खेळतो म्हणजे बऱ्याचदा त्याला मागं पळता येत नाही. आमच्या कवठे येमाईत हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. चाळिशी उलटली, पोट पुढं आलं, की शटल डोक्यावरून मागं जायच्या आत तिथल्या तिथं ठेचावं लागतं. ह्याला आम्ही स्मॅश म्हणतो. पोरं दुसरं काहीतरी म्हणतात. अशा माणसाच्या खांद्याला हलकी रॅकेट लागते. पण हलकी म्हणजे किती, आणि मुख्य म्हणजे कुठं, ह्या घोळात माझा अख्खा उन्हाळा गेला.

तसा हा खेळ आमच्याच जिल्ह्याचा. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ह्याचे नियम लिहून काढले, आणि काही काळ खेळाचं नावच ‘पूना’ होतं. घोडनदीच्या अंगानं सुटणाऱ्या वाऱ्याला मात्र ते नियम अजून कुणी वाचून दाखवलेले नाहीत. पाचेक ग्रॅमचं, सोळा पिसांचं शटल उघड्यावर सर्व्हिस करा. ते थेट पाहुण्यांच्या गावाला जातं. म्हणून आमच्याकडं नायलॉनचं, त्यातही हिरव्या पट्टीचं, म्हणजे संथ. उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि शटल जास्त पळतं, त्याला हा उतारा. कोर्टाच्या एका बाजूला ऊस आहे. दिवेलागणीनंतर शटल उसात गेलं, तर पॉइंट समोरच्याचा आणि शटल बिबट्याचं. हसू नका, आमच्या शिवारात बिबट्या ही चेष्टेची गोष्ट राहिलेली नाही. अंधार पडायच्या आत आम्ही जाळी गुंडाळतो.

रॅकेटसाठी पुण्याला गेलो. दुकानातल्या पोरानं विचारलं, “काका, गेम कसा आहे तुमचा?”

“आक्रमक.”

त्यानं एकवार माझ्या पोटाकडं पाहिलं आणि आदरानं म्हणाला, “मग फोर-यू बघा.”

ह्या धंद्यात सगळा उलटा कारभार आहे. थ्री-यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, फोर-यू ८० ते ८४, फाइव्ह-यू ७५ ते ७९. आकडा चढला की वजन उतरतं. मुठीचंही तेच, जी-चारपेक्षा जी-पाच बारीक. आमच्या डॉक्टरांनी वजनाचा हा तक्ता वापरला असता तर किती बरं झालं असतं!

हलकी रॅकेट चटकन फिरते, हे खरं. पण शटलवर आदळताना तिच्यामागं काही ऐवज नको का? म्हणून आक्रमकानं नुसतं एकूण वजन बघून भागत नाही, ते बसलंय कुठं ते बघायचं. आमच्याकडच्या लाकूडफोड्याला हे शिकवावं लागत नाही: कुऱ्हाडीचा दांडा हलका, भार पात्यात. पोरानं रॅकेट आडवी करून एका बोटावर तोलली. मुठीच्या टोकापासून २९५ मिलीमीटरच्या पुढं तोल आला, तर भार डोक्याकडं. २८५च्या आत आला, तर मुठीकडं. मधला भाग माझ्यासारख्या निर्णय न होणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. डोकं जड असलेली फोर-यू हातात घेऊन मी दुकानातच एक स्मॅश हवेत मारला. पंखा थोडक्यात वाचला.

“पण सात्त्विक तर उलटी वापरतो,” पोरानं बारीक पिन टोचली. आणि ते खरंच आहे. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीनं २०२३मध्ये जपानला ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रमी स्मॅश मारला, तो ज्या नॅनोफ्लेअर १०००झेडनं, तिचा भार डोक्यात नाही, मुठीकडं. म्हणजे इतका वेळ आम्ही बोटावर तोललेलं सगळं शास्त्र एका वाक्यात झोपलं. मी म्हटलं, “त्याचा दंड बघ, माझा बघ.” दंडाचा मुद्दा आला की वाद मिटतो. त्याच न्यायानं दांडीही ताठ न घेता मध्यम लवचीक घेतली, कारण ताठ दांडी वाकवायला हाताला वेग लागतो; आणि तार २२ पौंडांवर आवळली. भाचा तिशीच्या खाली यायला तयार नव्हता, पण तार जितकी ताठ तितकी शटलला उसळी कमी. हे त्याला सांगून उपयोग नाही, त्याचं लग्न व्हायचंय.

सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६मध्ये मलायातली सेलंगोर स्पर्धा जिंकली, परदेशातलं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले, ते लाकडी रॅकेटच्या जमान्यात. ती रॅकेट वाकू नये म्हणून खेळ झाला की चौकटीत घालून स्क्रूनं आवळून ठेवायची. आमचे गुरुजी अजून त्याच पिढीचे. हातात लोखंडी दांडीची जुनी रॅकेट, आणि स्मॅश ह्या गोष्टीबद्दल कमालीची तुच्छता. मी मागून ठेचायला निघालो, की हे जाळीपाशी शटल अलगद सोडतात आणि वर विचारतात, “नवी का रॅकेट? छान आहे हो.”

गावात वजनावरून पैज लागली. कांद्याचा काटा इतकं बारीक दाखवत नाही, म्हणून सगळे सराफाकडं गेलो. त्यांनी काच सरकवली, काटा शून्यावर आणला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मंगळसूत्र ठेवावं तशी रॅकेट आडवी ठेवली. ९३ ग्रॅम. भाचा उसळला, “फसवलं तुम्हाला, मामा!” फसवलं कुणी नव्हतं. कंपनी वजन सांगते ते नुसत्या सांगाड्याचं. तार वेगळी, आणि मुठीवर घाम टिपायला मी हौसेनं जाड ग्रिप गुंडाळली होती तिचा भार वेगळा. वर तो भार मुठीत, म्हणजे बोटावर तोलून निवडलेला तोलही मागं सरकलेला. पैसे मोजून पाच ग्रॅम कमी करायचे आणि चाळीस रुपयांत परत चढवायचे! ग्रिप तिथंच उकलली.

सराफांनी पुन्हा वजन केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सवयीनं म्हणाले, “मोडीत घालायची असेल तर सांगा. तारेची घट धरावी लागेल मात्र.”