आत टीव्ही, तरी बाहेर डबा

देवास हे एकच गाव, पण राजे दोन. थोरली पाती, धाकटी पाती. दोन गाद्या, दोन दरबार, दोन कारभार. 1948 साली दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि तो प्रश्न मिटला. आता तिथल्याच घरांत टेबलावर असाच एक खोका येऊन बसतो. निम्मा संगणकाचा मॉनिटर, निम्मा टीव्ही.

याचं विलीनीकरण मात्र घरच्यांनाच करावं लागतं.

धार असो की देवास, संगणकाचं काही घ्यायचं तर पावलं इंदूरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. दोन खोल्यांचं घर, मुलगी परीक्षेची तयारी करतेय, आजींना संध्याकाळी मराठी बातम्या हव्यात. ‘एकात दोन’ ऐकलं की सौदा पटतो. पटायलाच हवा. पण त्यातला टीव्ही चालणार कशावर, हे कुणी विचारतं का?

उत्तर ठरलेलं: आत ट्यूनर आहे.

कसला ट्यूनर? बहुतेक वेळा जुना ॲनालॉग, गच्चीवरच्या ॲन्टेनाचा आणि जुन्या केबलचा. केबलचं डिजिटलीकरण 2012 साली महानगरांत सुरू झालं आणि 2017 पर्यंतच्या मुदतीत गावोगावी नेलं गेलं. दूरदर्शननं 2022 पर्यंत जवळजवळ सगळी ॲनालॉग प्रक्षेपणं बंद केली. घरी आल्यावर तुम्ही ‘ऑटो ट्यूनिंग’ दाबता. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते, चॅनेल सापडतात शून्य. ट्यूनर बिघडलेला नसतो. त्याला पकडायला हवेत काही उरलेलंच नसतं.

मग बाहेर सेटटॉप बॉक्स येतोच. तो आला की आतल्या टीव्हीचं काम काय उरलं?

अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेला संच असेल तर विचारूच नका. त्याचा ट्यूनर तिथल्या पद्धतीचा. इथे चालतो तो फक्त पडदा.

आता संगणक जोडा. खालची टास्कबार अर्धी गायब, कडेचे आयकॉन कापलेले. तार खराब नाही, संगणकही ठीक. टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतो. काचेच्या जाड नळीच्या जमान्यातली ही सवय सपाट पडद्यानंही सोडलेली नाही. उपाय मेनूत दडलेला असतो. कुणी त्याला ‘स्क्रीन फिट’ म्हणतं, कुणी ‘जस्ट स्कॅन’. शिवाय त्या एचडीएमआयला ‘पीसी’ असं नाव द्या आणि शार्पनेस खाली आणा. दोन मिनिटांचं काम. ते दुकानातच करून का देत नाहीत?

आकाराचा मोह वेगळाच. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला 92 ठिपके बसतात. 32 इंची, 1366 बाय 768 च्या टीव्हीवर फक्त 49. त्यावर इंग्रजी कसंबसं निभावतं. देवनागरीचं काय? अनुस्वार मात्रेला चिकटतो, रफार पुसट होतो, जोडाक्षराची गाठ बनते. त्या पडद्यावर पोरीनं दिवसभर नोट्स वाचायच्या?

डोळे शिणले की दोष अभ्यासाला.

मॉनिटर हातभर अंतरावर हवा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. टीव्ही पलंगावरून बघायचा. अंतरं दोन आणि टेबल एकच. फिरणारा स्टँड किंवा भिंतीवरचा हलता हात लागतोच. खोक्याच्या पाठीमागे चार स्क्रूंची भोकं आहेत का, हे पैसे देण्याआधी पाहा. 32 इंचांपर्यंतच्या टीव्ही-मॉनिटरवरचा जीएसटी 1 जानेवारी 2019 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, मोठ्यांवरचा 22 सप्टेंबर 2025 पासून. आकार ठरवताना आता कराकडे बघू नका. टेबलाची खोली मोजा.

आता आजींच्या बातम्या. माझ्या मते या घरातला खरा प्रश्न हाच आहे.

धार-देवासच्या पवार राजांच्या मागोमाग माळव्यात आलेली ही मराठी घरं. शाळा हिंदीत, सरकारी कागद हिंदीत, बाजारात हिंदी नाहीतर माळवी. रोजची ताजी मराठी बाहेरून घरात येते ती बरीचशी याच पडद्यातून. तिच्यासाठी महिन्याचं भाडं भरायलाच हवं, हे कुणी ठरवलं? दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवर सह्याद्री आहे. डिश आणि डबा एकदा घ्या, पुढे दरमहा काही नाही. जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे धार-देवासच्या गच्चीवरून डिश जवळजवळ नेमकी आग्नेयेला धरायची. मधे कडुनिंब आला तर जागा बदला. झाड तोडू नका.

डबा घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. स्वस्तातल्या डब्याला फक्त लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारा असतात. टीव्ही असलेल्या मॉनिटरला त्या सहसा लागतात, साध्या मॉनिटरला लागत नाहीत. ‘एकात दोन’चा खरा फायदा काढायचाच तर हा, शिवाय आतले स्पीकर आणि रिमोट. जाहिरातीत हे तिन्ही शेवटी, बारीक अक्षरांत. ट्यूनर सर्वांत वर!

मोठ्या कंपन्यांनाही हे कळलं आहे. सॅमसंगनं नोव्हेंबर 2020 मध्ये आणलेल्या स्मार्ट मॉनिटरमध्ये टीव्हीचा ट्यूनर नव्हताच. वायफाय होतं आणि ॲप होती. ठीक. पण त्याला नेट लागतं आणि नेटचं भाडं दर महिन्याला.

बिनभाड्याचा आणि बिनडब्याचा रस्ता कागदावर तयार आहे. भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी मानक काढलं. डिशची तार सरळ पडद्यात, मधे काही नाही. आजींना रिमोट एक, बटण एक. मानक आहे, मग दुकानात असे संच मागूनही का दिसू नयेत?

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: डिशची तार थेट लागते का? ‘हो’ म्हणाले तर लावून दाखवायला सांगा. ‘नाही’ म्हणाले तर निव्वळ आतल्या टीव्हीच्या नावानं वरचे पैसे देऊ नका. एचडीएमआयची दोन भोकं आणि स्पीकर असलेला साधा 24 इंची मॉनिटर घ्या, एका भोकात संगणक, दुसऱ्यात एचडीएमआयवाला फ्री डिशचा डबा. कोणतं बटण दाबलं की अभ्यास आणि कोणतं दाबलं की सह्याद्री, हे आजींना त्याच संध्याकाळी शेजारी बसून दाखवा.