अण्णांचं सव्वापंधरा

ज्यांनी आयुष्यभर वेग-वेळ-अंतराची गणितं मुलांकडून घोटून घेतली, त्यांच्या हाती विमानाचं तिकीट देऊ नये. माझे सासरे, अण्णा, गणिताचे निवृत्त शिक्षक. मेव्हणीने दोघांना न्यूयॉर्कला बोलावलं. तिकिटं येताच सासूबाई भाजणीच्या तयारीला लागल्या आणि अण्णा पेन्सिलला टोक काढायला.

मुंबईहून सुटणार रात्री 1.30 ला, पोचणार त्याच दिवशी सकाळी 8 ला. ‘‘साडेसहा तास! जावईबापू, एवढ्यात आपली एसटी पुण्याहून नागपूर गाठत नाही.’’ परतीला मात्र तिथून सकाळी 11 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11 ला मुंबई. ‘‘चोवीस तास? येताना वाटेत मुक्काम करतात काय?’’

मी सांगितलं, न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यामागे असतं. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये ते लोक काटे फिरवतात. ‘‘आमच्या शाळेत शिपायाने असं केलं असतं तर मेमो मिळाला असता,’’ एवढंच अण्णा म्हणाले, आणि नातवाचा पृथ्वीगोल मागवला.

शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईवर धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणला. तो निघाला रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड करत, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून. ‘‘अमेरिका पश्चिमेला ना? मग हे वर कुठे भटकायला चाललं?’’ सासूबाईंनी विचारलं. पण गोलावर जवळची वाट हीच. सपाट नकाशावर पट्टीने सरळ रेघ मारून तशी दिशा धरली, तर सुमारे 1,700 किलोमीटर जास्त पडतात. दोऱ्याने अंतर भरलं साधारण 12,540 किलोमीटर. ताशी 900 चा वेग धरून अण्णांनी तिसरं उत्तर काढलं : चौदा तास.

अडचण अशी, की दोऱ्याला परवानगी लागत नाही, विमानाला लागते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि दोरा तर गुजरात ओलांडताच थेट सिंधवर चढतो. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात, कधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर. जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून.

अण्णांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे नाव आणि प्रवाहाचंच उदाहरण! आधी नाही का सांगायचं?’’

मग त्यांनी तिकिटावरचे दोन्ही आकडे घेतले. साडेसहा अधिक चोवीस, भागिले दोन. सव्वापंधरा. मी पडताळून पाहिलं. प्रवास खरोखर जाताना सोळा तासांचा होता, येताना साडेचौदा, सरासरी सव्वापंधराच. घड्याळाने जाताना खाल्लेले साडेनऊ तास येताना ओकले होते, म्हणून बेरजेत त्यांचा हिशेब मिटला. दोन साफ चुकीच्या आकड्यांतून बिनचूक उत्तर काढल्यावर अण्णांनी त्याखाली दोन रेघा मारल्या.

तेव्हा तुम्हाला कुणी न्यूयॉर्कला किती तास लागतात असं विचारलं, तर बेलाशक सव्वापंधरा सांगा. फक्त पुण्याहून मुंबईच्या विमानतळावर पोचायला किती, हे विचारलं तर गप्प बसा. खंडाळ्याच्या घाटातलं गणित अण्णांनीही ऑप्शनला टाकलंय.